किल्लीचा आठवडा

त्या रकान्यापाशी येऊन अश्विनीचं पेन थांबलं.

"मॅडम, इथी दोन नावं मांगून राहिले. जबाबदार व्यक्ती, म्हणे. नातेवाईक नको."

"पहिलं माझं लिही."

तिनं लिहिलं. रजनी दिलीप कळंबे, कळंबे टायपिंग, बसस्टँड रोड, सौंसर. जिल्ह्याच्या जागी आधी छिंदवाडा लिहिलं, मग जीभ चावली, खोडलं आणि वर बारीक अक्षरात पांढुर्णा केलं. जिल्हा बदलला, कलेक्टर बदलले, पाट्या बदलल्या, पण आमच्याकडच्या प्रत्येक फॉर्मवर ही एक खाडाखोड अजून असतेच. मी स्वतःसुद्धा करते.

"अन् दुसरं?"

दुसरं नाव आणायला मी तिला चार दिवस दिले होते. तिच्या गावात, रामाकोन्यात, ती तीन घरी जाऊन आली. एका काकांनी "पाहू" म्हटलं, दुसऱ्यांनी मोबाइल नंबरच नाही असं सांगितलं आणि तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. तिसऱ्या घरातली बाई बोलता बोलता आत गेली ती बाहेर आलीच नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अश्विनीचा बाप दुकानांची शटरं तोडायचा. दोनदा पकडला गेला होता आणि आता तिसऱ्यांदा तुरुंगात होता. पोरगी बी.ए. झालेली, हिंदी टायपिंगचा स्पीड माझ्या वर्गात सगळ्यात जास्त, पण दोन जबाबदार माणसं कुठून आणणार? ज्यांच्या घरात शिक्षक आहेत, बाबू आहेत, त्यांना हा रकाना दिसतसुद्धा नाही. बाकीच्यांची गाडी इथेच अडते. मार्कांवर नाही अडत, या दोन ओळींवर अडते. मला त्या रकान्याचा फार राग येतो.

"लिही," मी म्हटलं. "दिलीप भगवंतराव कळंबे. पत्ता हाच." मग नंबर सांगितला. तो मला माझ्या नंबरापेक्षा पक्का पाठ आहे.

"हे कोन व्हय, मॅडम?"

"माझे मिस्टर."

"मंग नातेवाईक नाई होत?"

"माझे आहेत. तुझे कुठे आहेत?"

ती हसली. हसली की तिच्या गालावरचा कायमचा ताण थोडा सुटायचा. "घरी हायेत का सर? पाया पडून जातो."

"बाहेर गेलेत," मी म्हटलं.

सरांना जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती.

*

सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. मीही म्हणायचे, आधी चेष्टेनं आणि मग सवयीनं. आमच्या टायपिंग क्लासमध्ये एके काळी अठरा मशिनी होत्या. आता कॉम्प्युटर आहेत आणि एकच मशीन कोपऱ्यात उरलं आहे, सरांचं, निळ्या कापडाखाली. ते विकायचं नाही असं मी ठरवलेलं आहे.

पोरांना नोकरीला लावणं हा आमचा धंदा नव्हता. पण टायपिंग शिकायला येणारी पोरं बहुतेक मजुरांची, कापूस वेचणाऱ्या बायांची, संत्र्याच्या बागेत रखवाली करणाऱ्यांची. शिकवून सोडून द्यायचं कसं? त्यामुळे अर्ज भरणं, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे ते सांगणं, कुणाला बूट मिळवून देणं, हे आपोआप आमच्या गळ्यात आलं. बोरगावच्या कंपन्यांतून सरांना फोन यायचे, "सर, एक भरोशाचा पोरगा पायजे." सर कधी लगेच हो म्हणत नसत.

त्यांची एक पद्धत होती. ज्याच्यासाठी शब्द टाकायचा, त्याच्या हातात ते दुकानाची किल्ली द्यायचे. सात दिवस सकाळी सात वाजता यायचं, शटर उघडायचं, झाडायचं, मशिनी पुसायच्या आणि आम्ही येईपर्यंत दुकान सांभाळायचं. बस्स. पोरांमध्ये त्याला किल्लीचा आठवडा म्हणत. आठव्या दिवशी सर फोन करायचे आणि त्या पोराबद्दल सगळं चांगलं सांगून झाल्यावर एक खोटही सांगायचे. खोट सांगितल्याशिवाय त्यांचं बोलणं पुरं होत नसे. "पोट्टा सोन्यासारखा हाय, पण त्याले कोनी ओरडलं का त्याच्या हातातून वस्तू पडते." "पोट्टी हुशार हाय, पण भूक लागली म्हणून सांगणार नाही." मी वैतागून म्हणायची, "अहो सर, तुम्ही लग्नाचं स्थळ सांगून राहिले का? खोट कशाला सांगता?" तर म्हणायचे, "नुसतं चांगलं सांगतलं का समोरचा समजते, हा याले ओळखत नाही."

एका सकाळी चहा पिता पिता ते गेले. कपात अर्धा चहा होता.

त्यानंतर चार महिन्यांनी मी ती चूक केली. मंगेश नावाचा मुलगा होता, आईबाप दोघंही नसलेला. त्याच्या फॉर्मवर मी सवयीनं दोन नावं घालून टाकली, माझं आणि सरांचं. वर्षानुवर्षं आम्ही तसंच करत आलो होतो. तो बोरगावच्या बसमध्ये चढून गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता कंपनीवाले फोन लावणार, फोन बंद येणार आणि पोराचं काम बिघडणार. सरांचा जुना बटनांचा फोन टेबलाच्या खणात पडलेला होता. त्याची बॅटरी फुगली म्हणून मीच काढून फेकली होती. सिम आत होतं आणि का कोण जाणे, त्या नंबरचं रिचार्ज मी थांबवलं नव्हतं.

मंगेश लागला. पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "सरानं लय चांगलं सांगतलं म्हणे माह्याबद्दल." मला वाटलं, कंपनीवाले कुठे फोन लावतात, असंच म्हणाले असतील. त्याला सरांचं जाणं ठाऊक होतं, पण तो गांगरलेला पोरगा, त्यानंही पुढे विचारलं नाही. मी देवापुढे पेढा ठेवला आणि गप्प बसले.

मग मात्र ती चूक राहिली नाही, सवय झाली. ज्याला दुसरं नाव नाही त्याला सरांचं नाव. खेड्यांतून येणाऱ्या नव्या पोरांना ते गेल्याचं ठाऊक नसायचं, विचारलं तर मी 'बाहेर गेलेत' म्हणायची. चार वर्षांत अकरा मुलं आणि मुली. अकराही लागले. किल्लीचा आठवडा मी चालू ठेवला होता. एक तर माझे गुडघे, ते जड शटर मला उचलवत नाही. आणि सरांचं नाव वापरायचं तर त्यांची पद्धत पाळायला हवी असं वाटायचं. आठवडा संपवून किल्ली परत देताना जवळजवळ प्रत्येक पोर एक गोष्ट विचारायचं, "मॅडम, कोपऱ्यातल्या मशीनीचं कापड रोज कोन काढते?"

"उंदीर," मी म्हणायची.

"घडी करून ठेवते का मंग उंदीर?"

मी हसून विषय बदलायची. पोरंच त्या मशिनीशी खेळत असतील आणि नाव दुसऱ्यावर ढकलत असतील, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

अश्विनीला मात्र मी किल्ली दिली नाही.

मनाशी कारणं तयार होती. रामाकोन्याहून सकाळची बस धड मिळत नाही, तिचा स्पीड इतका चांगला आहे की परीक्षा कशाला, कंपनीला घाई आहे. खरं कारण एकच होतं आणि ते मला माहीत होतं. शटर तोडणाऱ्याच्या पोरीच्या हातात शटरची किल्ली द्यायची मला भीती वाटली. त्या तीन घरांतल्या माणसांना मी मनात नावं ठेवत होते आणि स्वतः त्याच रांगेत चौथी उभी होते.

*

पाच दिवसांनी सुचिता मॅडमचा फोन आला. बोरगावच्या ज्या पॅकिंगच्या कंपनीत अश्विनीनं अर्ज केला होता, तिथे भरतीचं काम ती बघते. नागपूरची आहे, रोज जाणं-येणं करते. वर्षभरापूर्वी आली. आमचं बोलणं फार तर दोन-चार वेळा झालं असेल, तेही कागदपत्रांपुरतं.

"मॅडम, अश्विनीचं थोडं अडलंय," ती म्हणाली. "तिला आम्ही स्टोअरमध्ये घेणार होतो, एन्ट्रीला. पण स्टोअर आहे ना, किल्ल्या हातात राहतात. दोन्ही रेफरन्स पक्के लागतात. अन् दुसऱ्यांनी नाही म्हटलं."

"दुसऱ्यांनी म्हणजे?"

"सरांनी. तुमच्या मिस्टरांनी."

मी खुर्चीत बसलेलेच होते, तरी टेबलाची कड धरली.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी त्या पोरीले ओळखत नाही. मी म्हटलं, सर, तुमचं नाव दिलंय तिनं. तर म्हणे, तिले किल्ली देली नाही आमच्या इथं. ज्याले किल्ली देली नाही, त्याच्याबद्दल मी काही सांगत नसतो." सुचिता जरा हसली. "मला नीट समजलं नाही, किल्लीचं काय ते. पण सर कधी असं बोलत नाहीत. मागच्या वेळी त्या नेहाबद्दल किती सांगितलं त्यांनी. पोरगी मन लावून काम करते, पण चूक झाली का दोन दिवस रडते, तिला आधीच सांगून ठेवा का चूक चालते. अगदी तसंच निघालं."

नेहाबद्दल हे मला माहीत होतं. मी कुणाला बोलले नव्हते.

"तुम्ही नेहमी बोलता का त्यांच्याशी?"

"नेहमी म्हणजे, तुमचं पोरगं आलं का बोलते. पहिल्या रिंगलाच उचलतात. मागं टाइपरायटरचा आवाज येत राहतो, टकटक टकटक. मला मजाच वाटते, आजकाल कोण वापरतं? अन् हो, त्यांना एक सांगा, मॅडम. ते अजून जिल्हा छिंदवाडाच सांगतात. मी म्हटलं, सर, आता पांढुर्णा झाला. तर म्हणाले, कधी झाला बाप्पा, मले कोनी सांगतलं नाही."

जिल्हा बदलला तेव्हा सरांना जाऊन दोन वर्षं व्हायची होती. बाहेर रस्त्यावर नागपूरची बस हॉर्न देत वळली. दुकानात चार मुली कॉम्प्युटरवर बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांचा आवाज येत होता. दुपारचे बारा वाजले होते, भर उन्हाची वेळ.

"मॅडम? ऐकून राहिल्या ना?"

"हो."

"मला पोरगी आवडली. पण कागद पुरा नसला तर साहेब सही करत नाहीत. पुढच्या मंगळवारपर्यंत मी जागा थांबवून ठेवते. तुम्ही सरांशी बोला जरा."

"बोलते," मी म्हटलं.

मुली गेल्यावर मी खण उघडला. फोन होता तिथेच होता. मागचं झाकण काढून पाहिलं, बॅटरीची जागा रिकामी, तळाशी सिम. मग माझ्या मोबाइलवरून तो नंबर लावला. चार वर्षांत पहिल्यांदा लावला. ज्या नंबरला मी दिवसातून सहा वेळा फोन करून भाजी काय आणायची ते सांगायचे, तो लावायची मला हिंमत झाली नव्हती. पलीकडून बाईचा आवाज आला, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता त्यांचा फोन बंद आहे. मी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

मी रडले, आधी भीतीनं आणि मग रागानं. परक्या बाईशी पहिल्या रिंगला बोलता आणि माझा फोन उचलत नाही? जिल्हा बदलल्याचं मी सांगितलं नसतं का तुम्हाला? कोपऱ्यातल्या निळ्या कापडाकडे बघून मी हे मोठ्यानं बोलले. कापड हललं नाही, काही झालं नाही.

राग ओसरल्यावर उरली ती शरम. ते बोलले ते खरंच होतं. मी न ओळखलेल्या पोरीची ओळख त्यांनी कशी द्यायची?

*

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी अश्विनीला थांबवलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. तिनं किल्लीकडे बघितलं, हात लावला नाही.

"उद्यापासून सात दिवस सकाळी सातला तू उघडायचं."

"मॅडम, मले काहून देऊन राहिल्या?"

"सगळ्यांना देते."

"मले नोती देल्ली." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "सारे पोट्टे-पोट्टी सांगत, मॅडम किल्ली देतात. मी वाट पायली. मंग तुमी सीधा फॉर्मच भरून देल्ला, तवा मी समजली."



"चुकलं माझं," मी म्हटलं.

आमच्याकडे मोठी माणसं लहानांना असं म्हणत नाहीत. अश्विनी घाबरून उभीच राहिली. "असं नका म्हणू ना, मॅडम. माह्या बापाचं नाव घेतलं का आमीच चार पावलं मांगं होतो." मग तिनं किल्ली उचलली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

पहिल्या दिवशी मी साडेसहालाच समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. लपवत नाही, पाळत ठेवायलाच बसले. शरम वाटूनही भीती जात नाही, हे मला त्या सकाळी कळलं. सातला पाच कमी असताना ती आली. रामाकोन्याहून दुधाच्या गाडीवर बसून आली होती, हे मला नंतर समजलं. तिनं कुलूप काढलं, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि शटर वर सरकवलं. आत गेली. झाडण्याचा आवाज आला. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली आणि पायरीखाली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दुकान सताड उघडं आणि ही बाहेर. दोन्ही हात पुढे, एकमेकांत धरलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. थंडी होती, जामसावळीच्या बाजूनं वारा येत होता. ती तशीच उभी होती.

मला आठ वाजेपर्यंत उठवलं नाही. मग रस्ता ओलांडून गेले.

"बाहेर का उभी आहेस?"

"तसंच."

"आत बसायचं असतं."

"नाई, मॅडम. उद्या कोनी म्हनलं, इथलं हे गेलं, ते गेलं... बाहेर उभी राहिली तर पाहणारे पाहतात ना." आणि मग सहज विचारल्यासारखं, "सर रात्री आल्ते का? मशीनीचं कापड घडी करून ठेवलं होतं. मी पुसून पुन्हा झाकून देल्लं."

आदल्या संध्याकाळी ते कापड मी स्वतः चारी बाजूंनी नीट ओढून घेतलं होतं. कोपऱ्यात जाऊन पाहिलं. कापड झाकलेलं होतं. घडीच्या खुणा होत्या, उभी एक आणि आडवी एक. सर रुमालही तसाच घडी करायचे. "हो," मी म्हटलं, "रात्री काम असतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज घडी, रोज ती झाकायची आणि रोज बाहेर उभी राहायची. टपरीवाली कलाबाई मला म्हणाली, "अवो मॅडम, त्या पोट्टीले सजा देल्ली का तुमी? थंडीत कुडकुडून राहिली बिचारी." मी टपरीवर बसणं सोडलं. मला दुकानाची काळजी नव्हती आता. मला त्या हातांची काळजी होती.

चौथ्या दिवशी मी तिला खांद्याला धरून आत आणलं. बसायला दुसरी खुर्ची रिकामी नव्हती, सगळ्यांवर फॉर्मचे गठ्ठे होते. सरांच्या मशिनीपुढचा स्टूल तेवढा मोकळा होता.

"इथे बसायचं, मी येईपर्यंत. ही नोकरीच आहे असं समज. स्टोअरमध्ये काय दाराबाहेर उभी राहणार आहेस?"

ती स्टुलाच्या अगदी कडेला टेकली. "कोनी म्हनलं तर?"

"तर मी आहे. म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव."

पाचव्या दिवशी गेले तेव्हा ती पुन्हा बाहेर होती. सहाव्या दिवशी उंबऱ्यात, एक पाय आत. सातव्या दिवशी मला मुद्दाम उशीर झाला असं समजा. साडेनऊ वाजले होते. लांबूनच मला आवाज ऐकू आला, टकटक, टकटक, ओळ संपल्याची छोटी घंटा आणि पुन्हा टकटक. माझे पाय रस्त्यातच थांबले. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला तेव्हा भान आलं.

दुकानात अश्विनी सरांच्या मशिनीवर बसून टाइप करत होती. मला बघून दचकून उठली.

"हात लावला, मॅडम. कागद चढवून ठेवला होता सरानं. मले वाटलं, माह्यासाठीच असन."

"बस," मी म्हटलं. "पुरं कर."

त्या मशिनीची शाई चार वर्षांपूर्वीच वाळलेली होती. कागदावर अक्षरं उमटली नव्हती, नुसत्या खुणा उमटल्या होत्या. कागद कुणी चढवला ते मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

*

सुचिताचा फोन मंगळवारी आला. मी सकाळपासून त्याच फोनची वाट बघत होते.

"झालं, मॅडम," ती म्हणाली. "एक तारखेपासून पाठवा अश्विनीला. आत्ताच बोलले सरांशी."

मी दुकानाचा दरवाजा ओढून घेतला आणि स्टुलावर बसले. "काय म्हणाले, ते सगळं सांगा. जसं म्हणाले तसं."

"म्हणाले, आता ओळखतो. पोरगी स्टोअर सांभाळन. किल्ली गाठ मारून ठेवते, हरवनार नाही." तिला सरांची बोली आपसूक जमत होती. ती सांगत होती आणि मी डोळे मिटले होते. "अन् खोट पण सांगितली, नेहमीसारखी. म्हणाले, आत बसाले भिते. पहिले चार दिवस तिले कोनी तरी आत बस म्हनलं पायजे, मंग बसते. मी लिहूनच घेतलं. पहिल्या दिवशी मीच बसवीन तिला, काळजी नका करू."

"अजून?"

"अजून म्हणजे..." ती घुटमळली. "तुमच्याबद्दल बोलले, मॅडम. मी विचारलं नव्हतं हं. म्हणाले, आमच्या मॅडमची पण एक खोट लिहून घ्या. किल्ली द्याले उशीर लावते. पण देते."

मी तोंडावर पदर धरला. हुंदका तिच्यापर्यंत जाऊ नये असं वाटलं.

"अन् म्हणाले, यापुढं कोनाचीही चौकशी असली तर मॅडमलाच फोन करा. तिले आता जमते. मी बाहेर जाऊन राहिलो." सुचितानं विचारलं, "बदली वगैरे झाली का सरांची? की मुलांकडे जाणार आहेत?"

चार वर्षं मी प्रत्येक पोराला हेच सांगत आले होते. बाहेर गेलेत. सरांनी माझं खोटं खरं करून टाकलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "असेच. फिरायला."

"किती दिवस?"

"माहीत नाही मला. बोलले नाहीत माझ्याशी."

फोन ठेवल्यावर मी तो नंबर आणखी एकदा लावला. या वेळी बंद असल्याचं सांगणारी बाईसुद्धा नव्हती. नुसती शांतता होती. मी बराच वेळ कानाला लावून बसले. मग जिल्हा पांढुर्णा झालाय, ऑक्टोबरात झाला, तुम्ही गेल्यावर, असं एवढं सांगितलं आणि ठेवला.

*

अश्विनीला लागून आता आठ महिने झाले. रविवारी येते, तिला स्टोअरमधलं काय काय सांगायचं असतं. पहिल्या दिवशी सुचिता मॅडमनं हाताला धरून खुर्चीत बसवलं, हे तिनं मला चारदा सांगितलं आहे.

गेल्या पंधरवड्यात माझ्याच नावाची, रजनी नावाची एक मुलगी आली. नाव ऐकून मला हसू आलं. आई भांडी घासते, बाप कुठे आहे ते ठाऊक नाही. अर्ज भरता भरता तिचं पेन त्याच रकान्यापाशी थांबलं. "मॅडम, पहिलं तुमचं लिहिलं. दुसरं कोनाचं लिहू?"

तोंडून सवयीनं नंबर निघणार होता. पहिले तीन आकडे निघालेही. तिनं लिहिलेसुद्धा.

"खोड ते," मी म्हटलं. "लिही, अश्विनी. स्टोअर सहायक. मुक्काम रामाकोना, जिल्हा पांढुर्णा."

"त्या सांगतीन का माह्याबद्दल? मले तर ओळखत पन नाई."

"रविवारी येते ती. पण आधी तुला सात दिवस यायचंय." मी किल्ली तिच्यासमोर ठेवली. नाव-गाव नीट विचारून व्हायच्या आधीच ठेवली.

आठवडा झाला, तिनं किल्ली परत आणून दिली. दुकान स्वच्छ होतं, कॉम्प्युटर पुसलेले, गठ्ठे सरळ. मी तिला निघताना विचारलं, कोपऱ्यातल्या मशिनीचं काही दिसलं का. कापड वगैरे.

"नाई, मॅडम. झाकलेलंच राहते रोज. पुसाचं होतं का?"

"नको," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी कोपऱ्यात गेले. निळ्या कापडावर धुळीचा पातळ थर बसला होता, सगळीकडे सारखा, कुठे घडी नाही, बोट नाही. मी तो झटकला नाही. शटर उघडंच ठेवलं आणि पुढच्या पोराचा फॉर्म घेतला.